आधी तंगडी

जेवणाऱ्यांच्या दोन जाती असतात: आवडीचं आधी खाणारे आणि शेवटी राखून ठेवणारे. मी जन्मजात राखणदार. तंगडी ताटाच्या कडेला सरकवायची, भात संपवायचा, मग निवांत तिच्याकडे वळायचं.

मधुमेह मागे लागला आणि हा शिरस्ता मोडावा लागला. प्रथिनं आणि भाज्या आधी, भात-पाव-बटाटा मागाहून, असा क्रम ठेवला की जेवणानंतरची साखर कमी चढते. पदार्थ तेच, मापही तेच, फक्त रांग बदलायची. प्रथिनं पुढे गेली की आतड्यातून जीएलपी-१ नावाचं संप्रेरक सुटतं, जठर सावकाश रिकामं होतं आणि मागून आलेल्या भाताचं ग्लुकोज रक्तात बेतानं उतरतं. तंगडीवर आधी ताव मारणं हे पथ्य ठरावं, यापेक्षा सुखाचं पथ्य मला तरी ठाऊक नाही. तोटा एकच: पुढचा भात निरुत्साहानं खाल्ला जातो आणि थोडा उरतो. (डॉक्टर याला तोटा म्हणत नाहीत.)

साखर वाढवल्याचा आळ कोंबडीवर खरं तर उगाच येतो. तिच्या मांसात कर्बोदकं जवळजवळ नसतातच. कातडी काढून शिजवलेल्या छातीच्या १०० ग्रॅममध्ये प्रथिनं मात्र ३१ ग्रॅमच्या आसपास. डेव्हिड जेनकिन्स आणि सहकाऱ्यांनी १९८१ साली ग्लायसेमिक इंडेक्स (एखादा पदार्थ रक्तातली साखर किती चढवतो, याचा आकडा) मांडला, तो कर्बोदकांपुरता. त्यामुळे साध्या कोंबडीला त्यात आकडाच मिळत नाही.

म्हणून भात साफ सोडून नुसती कोंबडीच खावी का? इन्सुलिन घेणाऱ्यानं डोस तोच ठेवून असं केलं, तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. मूत्रपिंडं थकलेली असतील, तर प्रथिनांचाही हिशोब डॉक्टरांकडूनच घ्यावा लागतो.

आणि कोंबडी वेषांतर करते तेव्हा सावध राहावं. मधाचा मुलामा, सॉसमधली साखर, मैद्याचं जाड आवरण. त्यातही तळलेली सर्वांत लबाड. तेलामुळे पोट रिकामं व्हायला वेळ लागतो, मग दोन तासांनी बोट टोचलं की मीटर चक्क शाबासकी देतं. साखर मागाहून, सावकाश वर येते. आमच्यातले काही चतुर लोक म्हणूनच दोन तासांचाच आकडा वहीत लिहितात आणि झोपेपर्यंत मीटरकडे फिरकत नाहीत.