गप्प बसलेल्यांकडे बघताना

झावळ्यांचा रविवार (ईस्टरच्या आधीचा), रात्र
आम्स्टरडॅम

कॉन्सर्टगेबाऊ या संगीत सभागृहातून घरी येऊन बराच वेळ झाला, पण झोप येण्याचं चिन्ह नाही. आज अठराव्या शतकातल्या जर्मन संगीतकार बाखचं 'सेंट मॅथ्यू पॅशन', येशूच्या शेवटच्या दिवसांची आणि मृत्यूची गायलेली कथा, समोर बसून ऐकलं. कानात इयरफोन घालून ते किती वर्षं ऐकत आले आहे. ट्राममध्ये, भाजी चिरताना, पावसात खिडकीशी बसून. सूर सगळे ओळखीचे. समोर बसल्यावर मात्र माझं लक्ष सारखं गप्प बसलेल्या माणसांकडेच जात होतं.

या देशात ईस्टरच्या आधीचे दोन-तीन आठवडे हीच रचना गावोगावी चालू असते. लोक नुसतं 'मत्तेउस' म्हणतात, पुढचं कोणाला सांगावं लागत नाही. 1899 साली विलेम मेंगेलबर्ग या वाद्यवृंद-संचालकाने याच सभागृहात झावळ्यांच्या रविवारी ती सादर करायची प्रथा पाडली. मग 1921 साली नेदरलँड्स बाख सोसायटी उभी राहिली, कारण काही मंडळींना वाटलं की हे संगीत मैफलीच्या दिवाणखान्यातलं नव्हे, देवळातलं आहे. तेव्हापासून नार्डन गावच्या मोठ्या चर्चमधली त्यांची मैफल हीसुद्धा एक परंपराच झाली. शेजारच्या खुर्चीवर सत्तरी ओलांडलेल्या एक आजी होत्या. मांडीवर स्वरलिपीची जाड प्रत, कोपरे झिजून मऊ झालेले, आणि आल्टोच्या, म्हणजे खालच्या स्त्रीआवाजाच्या, ओळीखाली जागोजागी पेन्सिलच्या खुणा. त्यांच्या गावच्या गायकवृंदात त्या हे गात आल्या आहेत, असं म्हणाल्या. अशा प्रती घेऊन बसलेले आणखी कितीतरी जण होते. मला फार बरं वाटलं ते बघून.

इयरफोनमध्ये जे कधीच नीट कळलं नव्हतं ते पहिल्याच कोरसमध्ये, म्हणजे समूहगानात, समोर आलं. दोन गायकवृंद, दोन वाद्यवृंद, एक डावीकडे, एक उजवीकडे. डावीकडचे म्हणतात, या, मुलींनो, माझ्यासोबत शोक करा, त्याला बघा. उजवीकडून प्रश्न येतात: कोणाला? कसं? काय? कुठे? हे प्रश्न खरोखर खोलीच्या दुसऱ्या बाजूने आले, आणि मान आपोआप तिकडे वळली. त्या सगळ्या गलबल्यावरून लहान मुलांचा तिसरा वृंद एक जुनं भक्तिगीत संथपणे गात जातो, 'हे देवाच्या निष्पाप कोकरा'. बाखच्या लाइपझिगमध्ये, थॉमस चर्चमध्ये, हे प्रथम झालं ते बहुधा 1727च्या गुड फ्रायडेला. 1736 साली पुन्हा केलं तेव्हा चर्चचे दोन्ही ऑर्गन वापरले होते, एक पश्चिमेचा मोठा आणि एक समोरच्या भिंतीवर उंच बसवलेला छोटा. म्हणजे भाविक अक्षरशः आवाजांच्या मधे बसलेले. त्याच वर्षी बाखने सगळी संहिता सुवाच्य अक्षरात पुन्हा लिहून काढली, आणि बायबलमधले शब्द लाल शाईने. पुढे पानं खराब झाली तेव्हा ती त्याने स्वतःच डागडुजी करून नीट केली. या माणसाला आपल्या कोणत्या कामाची किती किंमत होती, ते मला त्या लाल शाईवरून कळतं.

कथा मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 26व्या आणि 27व्या अध्यायांतली. एक टेनर, उंच पट्टीचा पुरुषगायक, ती सांगत जातो, जवळजवळ बोलल्यासारखी, आणि मधेच थांबून कोणीतरी आर्या, म्हणजे एकट्याचं गाणं, गातं, सगळे मिळून भक्तिगीत गातात, मग पुन्हा कथा. कीर्तन ऐकत वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही: आख्यान पुढे सरकतं, मधेच अभंग येतो, आणि ऐकणारा आपोआप आत ओढला जातो. बाखच्या काळी दोन भागांच्या मधे प्रवचन असायचं. आम्हाला त्या जागी कॉफी मिळाली.

शेवटच्या भोजनाचा प्रसंग. येशू म्हणतो, तुमच्यातला एक जण मला धरून देणार. शिष्य घाबरून एकमेकांवर आदळत विचारतात, "प्रभुजी, मी आहे काय तो?" काही सेकंदांचा तुकडा. 'प्रभुजी' ही हाक त्यात अकरा वेळा येते. शिष्य बारा. धरून देणारा यहूदा गप्प आहे. आणि लगेच, दम घ्यायलाही न थांबता, सगळा समुदाय भक्तिगीतात उत्तर देतो: मीच तो, शिक्षा मला व्हायला हवी. आजींचे ओठ इथे हलत होते, आवाज नव्हता. मी ख्रिस्ती नाही, पण "मीच" म्हणणाऱ्या त्या ओळीतून मला बाहेर राहता आलं नाही, राहायचंही नव्हतं.

पेत्र या शिष्याने येशूला ओळखत असल्याचं तिसऱ्यांदा नाकारल्यावर, कोंबडा आरवल्यावर येणाऱ्या 'एर्बार्मे दिश' ('दया कर') या आर्येबद्दल काय लिहू? व्हायोलिन आणि आल्टो. सगळ्या जगाला ते आवडतं आणि जग बरोबर आहे.

पण आजची रात्र माझ्यासाठी 'आउस लीबे' ('प्रेमापोटी') या आर्येची. रोमन सुभेदार पिलात विचारतो, त्याने असं काय वाईट केलं आहे? जमाव नुकताच ओरडून गेलाय, त्याला वधस्तंभावर खिळा, आणि आर्या संपली की पुन्हा तेच ओरडणार आहे, तीच चाल, एक सूर वर चढवून. या दोन आरोळ्यांच्या मधे सोप्रानो, उंच आवाजाची गायिका, गाते: प्रेमापोटी माझा तारणारा मरायला निघालाय. सोबतीला एक बासरी आणि दोन ओबो दा काचा, सनईच्या जातीची जुनी वाद्यं. बस. वाद्यवृंद जुन्या पद्धतीच्या वाद्यांचा होता, त्यामुळे ती ओबो नीट बघता आली: कोयत्यासारखी वाकलेली, काळ्या चामड्याने मढवलेली, टोकाला पितळी तोंड. आवाज घोगरा, जरा नाकातला. चेलोवाल्याने धनुष्य मांडीवर आडवं ठेवलं. डबल बासवाली वाद्याला टेकून उभी. ऑर्गनवाल्याने हात गुडघ्यांवर घेतले. बाखच्या काळच्या अख्ख्या बरोक संगीताला ज्या खर्जाच्या ओळीवर उभं राहायची सवय, ती ओळच बाखने काढून घेतली आहे. खाली जमीन नाही आणि ती बाई गातेय. बासरी एका स्वरावर थांबते, कुठे जावं ते ठरत नसल्यासारखी, आणि ओबो दोन-दोन स्वरांची पावलं टाकत राहतात. रेकॉर्डिंगमध्ये मला हे फक्त 'नाजूक' वाटायचं. आज इतकी माणसं हातातली वाद्यं न वाजवता बसलेली बघितली, आणि तो नाजूकपणा काय किमतीचा आहे ते कळलं. घशात दाटून आलं. आर्या संपली त्या क्षणी सगळी धनुष्यं एकदम उचलली गेली आणि जमाव पुन्हा ओरडला.

असंच आणखी एकदा होतं. संपूर्ण कथेत येशूचा आवाज आला की मागे तारवाद्यं लांब स्वर धरतात, त्याच्याभोवती तेवढ्यापुरतं तेजोवलय उभं राहिल्यासारखं. वधस्तंभावर तो म्हणतो, "एली, एली, लमा सबक्थनी", माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? तेव्हा ती तारवाद्यं नाहीत. व्हायोलिनवाले वाद्य खाली घेऊन बसलेले, त्यातला एक जमिनीकडे बघत होता. येशूच्या शेवटच्या शब्दांना बाखने वलय दिलं नाही. एवढा मोठा श्रद्धावान माणूस, आणि तरी त्याने ते केलं. किंवा श्रद्धावान होता म्हणूनच केलं असेल.

येशूच्या मृत्यूनंतर भूकंप होतो, तेव्हा रोमन शताधिपती म्हणतो, खरोखर हा देवाचा पुत्र होता. दोन-अडीच मात्रापट्ट्यांचं वाक्य, पण तिथे रात्रभर एकमेकांना प्रश्न विचारणारे दोन्ही वृंद एका आवाजात येतात. बाखच्या पुढच्या शतकात मेंडेल्सन या संगीतकाराने वयाच्या विसाव्या वर्षी, 11 मार्च 1829 रोजी, बर्लिनमध्ये ही विसरली गेलेली रचना पुन्हा उभी केली, बरीच कापून, स्वतः बदल करून. त्या पोराचं धाडस मला नेहमीच आवडत आलंय. स्वतःच्या आजीकडून मिळालेली संहितेची प्रत होती त्याच्याकडे.

शेवट दफनापाशीच होतो. पुनरुत्थान नाही. दोन्ही वृंद कबरीशी बसून म्हणतात, शांत विसावा घे. आणि अगदी शेवटच्या स्वरावर बासऱ्या क्षणभर चुकल्यासारख्या एका बोचऱ्या सुरावर अडतात, मग मिटतात. बाखला तो सूर तिथेच हवा होता.

पुढच्या वर्षी उजवीकडची तिकिटं काढायची आहेत. आज आम्ही पहिल्या वृंदाच्या बाजूला होतो. 'माझा येशू मला परत द्या' या बासच्या (खर्जातल्या पुरुषआवाजाच्या) आर्येतलं व्हायोलिन दुसऱ्या वाद्यवृंदातलं असतं, ते लांबून ऐकावं लागलं, आणि मला ती बोटं जवळून बघायची आहेत. शिवाय 'कोणाला? कसं?' असं विचारणाऱ्यांच्या बाजूने हे सगळं कसं ऐकू येतं तेही.