ड जीवनसत्त्व हाडाला नेमके काय सांगते?

ड जीवनसत्त्व हाडात जाऊन चुन्यासारखे बसते आणि हाड भक्कम होते, असा माझा बरीच वर्षे समज होता. प्रत्यक्षात हाडाच्या घडणीत त्याचा कणही लागत नाही. त्वचेत तयार झालेल्या किंवा आहारातून आलेल्या या द्रव्यावर आधी यकृतात आणि मग मूत्रपिंडात प्रक्रिया होते, तेव्हा कॅल्सिट्रायॉल हे संप्रेरक बनते, आणि त्याचे काम चालते ते पेशीच्या केंद्रकात.

तेथे ते एका ग्राही प्रथिनाला, म्हणजे संप्रेरकाचा संदेश पकडणाऱ्या प्रथिनाला, चिकटते. हे ग्राही आरएक्सआर नावाच्या दुसऱ्या प्रथिनाशी जोडी जमवते आणि ही जोडी डीएनएवरच्या ठरावीक खुणांवर जाऊन बसते. त्यातली नमुनेदार खूण म्हणजे सहा अक्षरांचे दोन जवळजवळ सारखे तुकडे आणि त्यांच्यामध्ये तीन अक्षरांचे अंतर. जोडी बसली की इतर प्रथिने गोळा होतात आणि जवळचे, कधी तर हजारो अक्षरे दूर असलेले, जनुक जागे होते किंवा दबते.

हाड घडवणाऱ्या ऑस्टिओब्लास्ट पेशींत अशा रीतीने जागे होणारे एक जनुक ऑस्टिओकॅल्सिन या हाडातल्या प्रथिनाचे आहे. (माणसात ते वाढते, उंदरात मात्र दबते; म्हणून उंदरांवरचे निष्कर्ष जसेच्या तसे माणसाला लावताना मी बिचकतो.) अधिक चकित करते ते रँकएलचे जनुक. त्याच पेशी कॅल्सिट्रायॉलच्या सांगण्यावरून रँकएल वाढवतात, आणि हे प्रथिन हाड पोखरणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशी तयार करवते. हाडाचे म्हणून ओळखले जाणारे जीवनसत्त्व हाड मोडायला का सांगते? शरीरातले सुमारे 99 टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत साठलेले असते, आणि रक्तातली पातळी घसरू लागली की हाडाच्या कोठाराला हात घालावाच लागतो.

या ग्राहीचे जनुकच जन्मतः बिघडलेल्या मुलांना तीव्र मुडदूस होतो. त्यांच्या रक्तात कॅल्सिट्रायॉल भरपूर असते, पण ते ऐकणारे कोणी नसते. तरीही दीर्घकाळ शिरेतून कॅल्शियम दिल्यावर अशा मुलांची हाडे भरून आल्याची नोंद आहे. ग्राही तसेच बिघडलेले होते; ग्राही बिघडल्यामुळे आतड्याला शोषता न येणारे कॅल्शियम तेवढे दुसऱ्या वाटेने रक्तात पोहोचले होते.