टेबल टेनिसच्या नंबरापासून शिलाईच्या टेबलापर्यंत: आमची वाटचाल

आज आम्ही कापडी बॅगा आणि मुलांसाठी शिवणाचे किट बनवतो, पण खरं सांगू का, लहानपणी मुलांच्या क्लबमध्ये मी शिवण शिकायला गेलोच नव्हतो. गेलो होतो टेबल टेनिस खेळायला. टेबल एकच, पोरं पंधरा-वीस, नंबर यायला अर्धा तास, आणि बसायला बाक फक्त एका कोपऱ्यात, जिथे एक ताई शिवणकामाचं सामान मांडून बसायच्या. माझं वय दहा. नुसता काय बसतोयस म्हणून त्यांनी हातात फेल्टचे दोन तुकडे दिले, सुई दिली, आणि दोरा किती घ्यायचा ते दाखवलं, बोटापासून कोपरापर्यंत, बास. मोठा घेतला की गुंता होतो, आणि गुंता झाला की पोर पळालंच म्हणून समजा.

फेल्टच का, ते आता धंद्यात पडल्यावर कळतं. फेल्ट विणलेलं नसतं, तंतू दाबून एकमेकांत गुंतवलेले असतात, त्यामुळे कडेच्या दशा निघत नाहीत आणि वेडंवाकडं कापलं तरी काम तरून जातं. माझा धावदोरा तर असा होता की एक टाका मुंगीएवढा, दुसरा बोटाएवढा. तरी पाकीट झालं एकदाचं. त्या दिवशी माझा नंबर कधी येऊन गेला ते मला कळलंच नाही.

ताईंची एक सवय होती, हात मागे बांधून उभं राहायच्या. पोरांच्या हातातलं काम कधी ओढून घ्यायच्या नाहीत. मशीनवर बसायची परवानगी मिळाली त्या दिवसाचं सांगतो. वरून टीप एकदम झकास दिसत होती, कापड उलटं केलं तर खाली दोऱ्याचा नुसता पुंजका. मी म्हटलं बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याची रीळ, खराब आहे. ताई म्हणाल्या, "उसव आणि परत बघ." परत पुंजका. परत उसवलं. तिसऱ्यांदा त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "दोरा ओवताना प्रेसर फूट वर होता की खाली?" खाली होता! प्रेसर फूट म्हणजे कापड दाबून धरणारा पाय. तो खाली असला की टेन्शनच्या, म्हणजे वरचा दोरा ताणून धरणाऱ्या, चकत्या दाबलेल्या असतात, वरचा दोरा त्यांच्यात नीट बसतच नाही, सैल सुटतो आणि खाली जाऊन गोळा होतो. म्हणजे दिसतं खाली, पण दुखणं वर. १८४६ साली एलायस हाऊने ज्या मशीनचं पेटंट घेतलं त्यातच ही रचना होती, सुईचं भोक टोकाशी आणि खाली दुसरा दोरा, दोघांची ओढ सारखी असेल तरच गाठ कापडाच्या मधोमध बसते. हे सगळं मी खूप नंतर वाचलं, पण बोटांना तेव्हाच कळलं होतं.

मग पुढे नेहमीचंच, अभ्यास, नोकरी, पंधरा वर्षं सुईला हात नाही. एकदा बॅगेचा बंद तुटला, फेकायला जीव होईना, सुई-दोरा काढला आणि गंमत म्हणजे हाताने आपोआप कोपरापर्यंत दोरा मोजला. तिथून सुरुवात. आधी ओळखीतल्यांच्या बॅगा रिपेअर करून दिल्या, मग त्याच क्लबमधली एक मैत्रीण (ती क्रोशावाली, मशीनला तेव्हाही घाबरायची आणि आजही घाबरते) हिशोब सांभाळायला आली, एक सेकंडहँड मशीन घेतलं आणि कापडी बॅगा-पाऊच सुरू केले.

पहिली मोठी ऑर्डर चाळीस बॅगांची, आणि ती मीच घालवली. कापड वाचावं म्हणून बंदांच्या पट्ट्या उरलेल्या तुकड्यांतून तिरक्या कापल्या. आता उरेब, म्हणजे असं तिरकं, कापलेलं कापड ताणतं हे मला माहीत नव्हतं असं नाही, गळ्याला पट्टी लावताना तेच तर हवं असतं, पण वाटलं एवढ्याने काय होतंय. झालं की! आठवड्याभरात बंद लोंबायला लागले, पिळवटले, सगळा माल परत. तीन रात्री आम्ही दोघं उसवत बसलो होतो, ऐंशी बंद. रडू येण्यासारखीच परिस्थिती होती, पण उसवायचा कंटाळा मात्र दोघांनाही आला नाही, कारण क्लबमध्ये उसवणं ही शिक्षा नव्हतीच कधी, तो शिवणाचाच भाग होता. घरी किंवा शाळेत शिवण शिकलेले बरेच जण मला भेटतात, टाका चुकला म्हणून ओरडा खाल्लेले, त्यातले कित्येक जण नंतर सुईकडे फिरकलेच नाहीत. क्लबमध्ये मार्क नव्हते, हवं तर उठून टेबल टेनिसला जायची मोकळीक होती, म्हणूनच बहुतेक आम्ही बसून राहिलो.

आता बॅगांबरोबर आम्ही मुलांसाठी शिवणाचे किटपण करतो. बाजारात भोकं आधीच पाडलेले किट मिळतात, दोरा नुसता ओवत जायचं, चुकायला जागाच नाही. मला ते अजिबात पटत नाही. आमच्या किटमध्ये जास्तीचं कापड असतं आणि टाके उसवायला सीम रिपर, तोही लहान हातात मावेल असा. सुयांची चिठ्ठीही टाकतो, कारण इथे मोठी माणसंसुद्धा गोंधळतात: हातसुईचा नंबर वाढला की सुई बारीक होते, मशीनच्या सुईचं बरोबर उलटं, ९० नंबर म्हणजे ०.९ मिलिमीटर जाडी, ७० त्याहून बारीक. भोकंवाले किट आमच्यापेक्षा जास्त खपतात, हे पार्टनर मला दर महिन्याला ऐकवते. ऐकवू दे.

शनिवारी दुपारी वर्कशॉपमधलं एक टेबल पोरांसाठी मोकळं ठेवतो. फी नाही, सिलॅबस नाही. गेल्या शनिवारी एक मुलगा मोठ्या भावाची वाट बघत बसला होता, त्याला मशीनवर बसवलं. कापड उलटं केलं तर खाली पुंजका. त्याने माझ्याकडे बघितलं, मी हात मागे बांधले, आणि खरंच सांगतो, तो फूट स्वतः वर उचलायचा मोह आवरणं फार म्हणजे फार अवघड गेलं.