'दुखत नाही' म्हणणारे पाय

तळव्याला जखम आहे आणि मधुमेहाचा रुग्ण सांगतो, 'दुखत नाही हो', तिथे काळजी वाढते. ब्रिटनच्या एनएचएसमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत, मधुमेही पायांचं काम करणाऱ्या पोडियाट्रिस्टचा, म्हणजे पायांच्या तज्ज्ञाचा, दिवस मुख्यतः अशाच पायांत जातो. नखं कापणं हा त्यातला अगदी छोटा भाग.

संवेदना तपासायला १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट वापरतात, म्हणजे ठरावीक दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा. आधी तो रुग्णाच्या हाताला लावून दाखवायचा, म्हणजे काय जाणवायला हवं ते कळतं. मग त्याने डोळे मिटल्यावर अंगठ्याचं टोक आणि अंगठ्यामागचा व करंगळीमागचा तळव्याचा उंचवटा इथे तो सरळ टेकवायचा, वाकेपर्यंत दाबायचा आणि सेकंद-दीड सेकंदाने उचलायचा. मधूनच न टेकवता 'आता लागलं का?' असंही विचारायचं, नाहीतर माणूस भिडेखातर 'हो, हो' म्हणत राहतो. घट्ट्यावर टेकवला तर तपासणी फुकट. दहाएक रुग्णांनंतर धाग्याला २४ तास विश्रांती द्यावी लागते. दमलेला धागा कमी दाबाला वाकतो आणि चांगल्या पायालाही बधिर ठरवतो.

रक्तपुरवठ्याचा आकडा याहून फसवा. घोट्याच्या रक्तदाबाला दंडाच्या रक्तदाबाने भागल्यावर ०.९ पेक्षा कमी आलं, तर धमनी अरुंद झाली असं धरतात. पण मधुमेहात धमन्यांच्या भिंतीत कॅल्शियम साठतं, रक्तदाब मोजायच्या पट्ट्याने त्या दबत नाहीत आणि आकडा खोटाच चांगला येतो. १.३ च्या वर गेला तर त्यावर विसंबूच नये. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा दाब मोजावा. तो पाऱ्याच्या ३० मिलिमीटरच्या खाली असेल, तर पाय तातडीने रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे गेला पाहिजे.

घट्ट्याखाली काळसर रक्ताचा डाग दिसला, की आत जखम असण्याची शक्यता मोठी. घट्टा ब्लेडने उतरवला की जखम आधीपेक्षा मोठी दिसते. हे रुग्णाला ब्लेड हातात घेण्याआधीच सांगावं, नाहीतर 'तुम्हीच वाढवलीत' असा समज होतो. लांबी, रुंदी, खोली मोजायची ती त्यानंतर. निर्जंतुक बोथट सळी आत हाडाला टेकली, तर हाडात संसर्ग शिरल्याचा संशय धरून एक्स-रे काढायचा. रक्तपुरवठा कमी असलेल्या पायावरची कोरडी काळी खपली मात्र ब्लेडने सोडवू नये.

एवढं करूनही जखम भरत नाही, तेव्हा बहुधा तिच्यावरचा भार उतरलेला नसतो. बधिर तळव्याच्या जखमेला गुडघ्यापर्यंतचं, काढता न येणारं प्लास्टर सर्वांत उपयोगी, कारण ते रात्रंदिवस पायातच राहतं. संसर्ग किंवा रक्ताची टंचाई असेल तर काढता येणारा बूट द्यावा लागतो, आणि आपल्या घरांत तो दारातच उतरतो. स्वयंपाकघर, देवघर, संडास, सगळी पावलं मग अनवाणी. 'बूट घाला' एवढं सांगून भागत नाही. बूट फक्त घरात वापरायचा की त्यावर बाहेर जाताना आवरण चढवायचं, हे घरच्यांसमोर बसून ठरवावं. कुरूप जाळायच्या पट्ट्या आणि गरम पाण्याचा शेक यांचीही चौकशी तेव्हाच करावी. बधिर पायाला त्यातला चटका कळत नाही.

शेवटचं शार्को पायाबद्दल, म्हणजे बधिर पायाची हाडं-सांधे आतून ढासळण्याच्या आजाराबद्दल, कारण चूक सर्वांत महाग पडते ती इथे. पाय सुजतो, गरम होतो, त्वचेवर जखमही नसते. पुस्तकात 'लाल' लिहिलेलं असतं, पण सावळ्या त्वचेवर लाली दिसत नाही, फार तर जांभळट झाक येते. म्हणून इन्फ्रारेड थर्मामीटरने दोन्ही पाय एकाच जागी मोजावेत. २ अंश सेल्सियसहून जास्त फरक असला, तर एक्स-रे स्वच्छ आला तरी निर्धास्त होऊ नये. सुरुवातीला तो स्वच्छच येऊ शकतो. गाऊट (युरिक अ‍ॅसिडमुळे होणारी सांधेदुखी) किंवा संसर्ग समजून रुग्णाला चालू दिलं, तर हाडं ढासळून कमान बसते. एनएचएसमध्ये असा पाय एका कामकाजाच्या दिवसात विशेष पथकाकडे पाठवायचा असतो. निदान होईपर्यंत त्यावर वजन टाकायचं नाही, बाथरूमपर्यंतसुद्धा नाही.