तुम्ही विचारलंत म्हणून: बेथोवन सोडून हा नील्सनच का?

वेस्टर्न क्लासिकल ऐकायला कुठून सुरुवात करू असं कुणी विचारलं की मी कार्ल नील्सनचं नाव घेते, आणि मग हमखास पुढचा प्रश्न येतो, अहो बेथोवन मोझार्ट असताना हा डेन्मार्कचा कोण आणि त्याच्यापासून का? तर आज जरा सविस्तर सांगते.

नील्सनच्या ऑर्केस्ट्रात वाद्यं म्हणजे माणसं असतात. ती चिडतात, हट्टाला पेटतात, दुसऱ्याचं बोलणं मध्येच तोडतात. नवख्या माणसाला यातलं शास्त्र काही कळत नसलं तरी भांडण कळतं ना, कोण कुणाला बोलू देत नाहीये हे कळतंच.

आणि हे त्याला जमलं कारण तो स्वतः वाजवणाऱ्यांमधला होता, असं मला अगदी मनापासून वाटतं. १८६५ चा जन्म, फ्यून बेटावरचं खेडं, १२ भावंडांतला सातवा. वडील घरं रंगवायचे आणि गावच्या लग्नकार्यांत फिडल नाहीतर कॉर्नेट वाजवायचे, आई गाणी म्हणायची. त्याने बालपणाच्या आठवणी लिहिल्यात त्यात आहे की तो सरपणाच्या ओंडक्यांवर ठोकून ठोकून सूर शोधायचा. १४ व्या वर्षी त्याच बेटावरच्या ओडेन्स शहराच्या लष्करी बँडमध्ये लागला, बिगुल आणि ट्रॉम्बोन वाजवायला. मग १८८४ मध्ये कोपनहेगनची कॉन्झर्व्हेटरी म्हणजे संगीतशाळा, आणि १८८९ पासून १९०५ पर्यंत तिथल्या रॉयल ऑर्केस्ट्रात सेकंड व्हायोलिन. १८९४ मध्ये त्याची पहिली सिंफनी, म्हणजे ऑर्केस्ट्रासाठीची मोठी, अनेक भागांची रचना, पहिल्यांदा वाजली तेव्हासुद्धा तो सेकंड व्हायोलिनच्या रांगेतच बसून वाजवत होता! इतकी वर्षं मधे बसून ऑर्केस्ट्रा ऐकलेला माणूस, त्याला प्रत्येक वाद्याचा स्वभाव माहीत असणारच.

बायको अ‍ॅन मरी स्वतः मोठी शिल्पकार. १८९१ मध्ये पॅरिसला भेटले आणि दोनच महिन्यांत फ्लॉरेन्सला लग्न. पुढे ती कामासाठी अथेन्सला होती तेव्हा त्याने तिथे एजियन समुद्रावरच्या सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतचा ‘हेलिओस’ हा ऑर्केस्ट्राचा तुकडा लिहिला, १९०३ मध्ये. संसारात नंतर बरीच वर्षं दुरावा आला, त्याच काळात पहिलं महायुद्ध, आणि त्याच काळातली चौथी सिंफनी, ‘कधीही न विझणारं’ अशा अर्थाचं नाव. तिच्या शेवटी दोन टिंपनीवाले, म्हणजे मोठे नगारे वाजवणारे, स्टेजच्या दोन बाजूंनी एकमेकांवर तुटून पडतात, जुगलबंदीच, पण जीव घेणारी.

आणि पाचवी, १९२२ ची. माझ्यासाठी सगळ्यात मोठी हीच. पहिल्या मूव्हमेंटमध्ये, म्हणजे पहिल्या भागात, एक विशाल, शांत धून सुरू होते आणि स्नेअर ड्रमवाला (लष्करी बँडमधला तडतडणारा छोटा ड्रम) ती मोडायला उठतो, स्वतःच्या वेगळ्याच लयीत. नील्सनने त्याला लिहूनच दिलंय की मनाला येईल ते वाजव, जणू काही झालं तरी ऑर्केस्ट्राला पुढे जाऊ द्यायचं नाहीये. धून थांबत नाही, वाढत जाते, ड्रम हरतो, आणि शेवटी लांबून येणारा ड्रमचा आवाज आणि एकटा क्लॅरिनेट उरतो. १९२४ मध्ये स्टॉकहोमला हे ऐकताना बरेच लोक उठून गेले होते. मला दर वेळी काटा येतो.

विंड क्विंटेट म्हणजे पाच फुंकवाद्यांचा गट, तो वाजवणाऱ्या पाच मित्रांसाठी त्याला एकेक कन्चेर्टो (एक वाद्य पुढे आणि ऑर्केस्ट्रा सोबतीला अशी रचना) लिहायचा होता, फ्लूट आणि क्लॅरिनेट असे दोनच झाले, १९३१ मध्ये तो गेलाच. पण फ्लूटच्या नाजूक बोलण्यात बास ट्रॉम्बोन, ते खर्जातलं पितळी वाद्य, कसा घुसतो ते ऐका, मस्त आहे ते. क्लॅरिनेटच्या मागे तर पुन्हा स्नेअर ड्रमच लागलाय.

आणि हाच माणूस शाळेत, सभेत सगळ्यांनी मिळून म्हणायची साधी गाणी लिहायचा. रस्त्यासाठी खडी फोडणाऱ्या येन्सवरचं गाणं १९०७ चं, सगळ्या डेन्मार्कच्या तोंडी झालं. पुढे १०० क्रोनरच्या नोटेवर त्याचा चेहरा आला.

तर आधी फ्लूट कन्चेर्टो ऐका, मग पाचवी. कंडक्टर बर्नस्टाइनचं १९६२ चं न्यूयॉर्कचं रेकॉर्डिंग किंवा कंडक्टर ब्लूमश्टेटचं सॅन फ्रान्सिस्कोचं, दोन्ही उत्तम. सहावी आत्ता नको, ती फार तिरकस आहे, बाकीच्या पाच ओळखीच्या झाल्या की मगच.