६० हजार तिकिटांची हमी

परवा संध्याकाळी सोलापुरात सात रस्ता चौकात चहा पीत उभा होतो, तर शेजारचा पोरगा भेटला. अकरावीला आहे, क्रिकेट म्हणजे जीव की प्राण. म्हणाला, काका, आपल्या पार्क मैदानावर आयपीएल का होत नाही ओ, सोलापूरची स्वतःची टीम का निघत नाही? मी म्हणलं, निघंल की कधीतरी, तू आधी चहा पी. पण घरी येईपर्यंत डोक्यात तेच चालू. कारण मागच्या वर्षी भाचीकडं अमेरिकेत अडीच महिने राहून आलोय, सॅन डिएगोला, आणि त्या गावात मैदान आणि टीम या दोन गोष्टींवरून वीस-पंचवीस वर्षं काय काय झालं ते तिथल्या लोकांकडून ऐकलं, मग परत आल्यावर सवडीनं वाचलंही. तेव्हाच लिहायचं होतं, राहून गेलं.

तिकडं बेसबॉलच्या मैदानाला बॉलपार्क म्हणतात. आणि फुटबॉल म्हणजे आपला पायानं खेळायचा नव्हे, लांबुडका बॉल हातात घेऊन एकमेकांवर तुटून पडतात तो. टीम सगळ्या खाजगी मालकांच्या, आपल्या आयपीएलसारख्याच, आणि मालकाला दुसरं गाव बरं वाटलं तर तो टीम उचलून तिकडं नेऊ शकतो. सॅन डिएगोत अशा दोन मोठ्या टीम होत्या, बेसबॉलची पाद्रेस आणि फुटबॉलची चार्जर्स. दोघी वर्षानुवर्षं एकाच स्टेडियमवर खेळायच्या, १९६७ साली बांधलेल्या, गावाच्या मधोमध नव्हे तर बाजूला एका खोऱ्यात, भोवती नुसतं पार्किंगच पार्किंग.

पाद्रेसला स्वतःचं मैदान पाहिजे होतं, गावाच्या मध्यात. १९९८ च्या ऑक्टोबरमध्ये ही टीम वर्ल्ड सिरीजला, म्हणजे बेसबॉलच्या फायनलला पोचली, न्यूयॉर्कच्या यँकीजनं ४-० नं धुतली, पण गाव खुशीत होतं, आणि त्यानंतर दोनच आठवड्यांनी मतदान, की नवीन मैदानाला सरकारी पैसा द्यायचा का नाही. म्हणजे तिथं अशा गोष्टीवर लोक थेट मत टाकतात, हे मला लैच आवडलं. साधारण ६० टक्के लोकांनी हो म्हणलं. मग कोर्टकचेऱ्या सुरू झाल्या, २००० च्या शेवटाला काम थांबलं ते वर्षाच्या वर बंद, अर्धवट काँक्रीट तसंच उभं. शेवटी २००४ च्या एप्रिलमध्ये पेटको पार्क उघडलं. खर्च ४५ कोटी डॉलरच्या आसपास, त्यातला साधारण दोन तृतीयांश सरकारी तिजोरीतला, बाकी टीमचा. पण एक अट होती. आजूबाजूच्या पडीक गोदामांच्या भागात हॉटेलं, घरं, ऑफिसं उभी करायची जबाबदारी टीमच्या मालकानं घ्यायची, आणि त्या हॉटेलांच्या करातून गावाचा पैसा वसूल व्हायचा.

भाचीनं मला तिथं नेलं तेव्हा मॅच नव्हती. मैदानाच्या मागं एक हिरवळ आहे, पहिल्यांदा तिचं नाव होतं पार्क ॲट द पार्क. हे ऐकून मी हसलोच, म्हणलं अगं हे तर आपलं पार्क मैदान! मॅच नसली की तिथं कुणीही येऊन बसायचं. एक बाप आपल्या पाच-सहा वर्षांच्या पोरीला प्लॅस्टिकचा बॉल टाकत होता, पोरगी बॅट उलटीच धरायची, तो दर वेळी जाऊन हात सरळ करून द्यायचा आणि परत मागं येऊन टाकायचा. किती तरी वेळ चाललं होतं. बाजूला टोनी ग्विनचा पुतळा. हा माणूस १९८२ ते २००१ अशी २० वर्षं पाद्रेस या एकाच टीमकडून खेळला, दुसऱ्या गावानं जास्त पैसे दिले म्हणून गेला नाही. त्याच्या पायथ्याशी कुणीतरी फुलं ठेवली होती.

अजून एक गोष्ट तिथं बघितली आणि काळजात कुठंतरी हललं. मैदानाच्या डाव्या कोपऱ्यात एक जुनी विटांची इमारत आहे, १९०९ ची, वेस्टर्न मेटल सप्लाय कंपनी असं अजून मोठ्या अक्षरात रंगवलेलं. नवीन मैदान बांधताना ती पाडायची नाही असं ठरलं, आणि मग मैदानच तिच्याभोवती बेतलं. इमारतीच्या कोपऱ्यावर पिवळी पट्टी ठोकलीय, तीच सीमारेषेचा खांब. बॉल तिच्या आत का बाहेर यावर मॅचचे निकाल लागतात! माझे वडील गिरणीत होते, घरात घड्याळ नव्हतं तेव्हा भोंग्यावर आमची शाळा ठरायची. लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी, जाम मिल, ही नावं आता रिक्षावाल्याला पत्ता सांगण्यापुरती. एखाद्या गिरणीची एक भिंत धरून आपल्याकडं मैदान बांधलं असतं तर, असं तिथं उभ्या उभ्या वाटून गेलं. बोललो नाही भाचीला.

सगळंच चांगलं झालं असंही नाही. त्या भागात आज उंच इमारती आहेत, मोठी लायब्ररी आहे, पण तिथनं दोन गल्ल्या पुढं गेलं की फुटपाथवर तंबू टाकून राहणारी माणसं दिसतात ओळीनं, आणि भाडी एवढी की भाची-जावई दोघं कमवतात तरी गावाबाहेर राहतात.

आता चार्जर्सचं ऐका, कारण मला जे सांगायचंय ते इथं आहे. १९९५ साली गावानं या टीमबरोबर करार केला. जुनं स्टेडियम पावणेआठ कोटी डॉलर खर्चून वाढवायचं, आणि वरनं अशी हमी, की प्रत्येक मॅचची ६० हजार तिकिटं खपतीलच, नाही खपली तर उरलेल्याचे पैसे गाव भरेल. मी आयुष्यभर टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहिलेत, त्यामुळं हे वाचल्यावर मला झोप येईना. आमच्याकडं कुठल्या व्यापाऱ्यानं मालकाला असं लिहून दिलं असतं की तुम्ही माल कसाही विणा, दर महिन्याला एवढे नग उचलतो, नाही विकले तर माझ्या अंगावर, तर त्याच्या घरच्यांनी त्याला कोंडून ठेवलं असतं. टीम हरत गेली, लोक येईनात, आणि गाव रिकाम्या खुर्च्यांचे पैसे भरत राहिलं. म्हणजे ज्या माणसानं तिकीट घेतलं नाही त्यानंही ते करातून घेतलंच. शेवटी २००४ ला करार बदलला, हमी गेली, पण बदल्यात टीमला काही वर्षांनंतर दंड भरून गाव सोडायची मुभा मिळाली. एक चूक झाकायला दुसरी सूट.

मग चार्जर्सला पण नवीन स्टेडियम पाहिजे झालं, तेही पेटको पार्कच्या अगदी शेजारी. २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये परत मतदान. हॉटेलवरचा कर साडेबारा टक्क्यांवरून साडेसोळा करायचा आणि त्यातून स्टेडियम आणि अधिवेशनांचं सभागृह बांधायचं. दोन तृतीयांश मतं लागत होती, मिळाली साधारण ४३ टक्के. तीच माणसं, तेच गाव, अठरा वर्षांपूर्वी हो म्हणलेलं, या वेळी नाही म्हणलं. लोक म्हणतात टीम हरत होती म्हणून, मालकावर राग होता म्हणून. असेल, पण मला वाटतं ती ६० हजार तिकिटं लोक विसरले नव्हते.

१२ जानेवारी २०१७ ला टीमनं जाहीर केलं, आम्ही लॉस एंजेलिसला चाललो. ५६ वर्षं त्या गावात काढून. गाव सोडायचा दंड सव्वा कोटी डॉलर, तो भरला आणि गेले. (१२ जानेवारी ही तारीख आपल्याला पाठ आहे ती वेगळ्या कारणानं, १९३१ साली याच दिवशी आपल्या चार हुतात्म्यांना येरवड्यात फाशी दिलं. तारीख वाचली आणि क्षणभर थांबलोच.) त्या दिवशी लोक टीमच्या ऑफिसबाहेर जमले आणि अंगावरच्या जर्सी काढून ढिगावर टाकल्या. भाचीच्या शेजारी एक म्हातारबाबा आहेत, पोस्टमन होते, लहानपणापासून त्या स्टेडियमवर जायचे, आधी बापाबरोबर, मग पोराबरोबर. ते जर्सी टाकायला गेले नाहीत. मला गॅरेजमध्ये नेऊन त्यांनी एक निळी टोपी दाखवली, पुढं विजेचं चिन्ह, आतल्या पट्टीला घामाचा पिवळा डाग. दाखवली, हातानं झटकली आणि परत त्याच खिळ्याला अडकवली. मी विचारलं आता मॅच बघता का, तर मानेनंच नाही म्हणाले.

टीमचं पुढं काय झालं तर पहिली तीन वर्षं २७ हजार लोकांच्या छोट्या मैदानावर खेळली, आणि तिथंही समोरच्या टीमचेच लोक जास्त दिसायचे. मग २०२० पासून दुसऱ्या टीमच्या मालकाच्या स्टेडियममध्ये वर्षाला एक डॉलर भाड्यानं. आणि सॅन डिएगोचं? जुनं स्टेडियम पाडलं, ती जागा तिथल्या सरकारी विद्यापीठानं विकत घेतली, २०२२ ला ३५ हजार बैठकीचं नवीन मैदान उभं राहिलं, आता तिथं विद्यापीठाचे सामने होतात, पायानं खेळायच्या फुटबॉलच्या बायकांच्या आणि पुरुषांच्या टीम खेळतात, आणि बाजूला नदीकाठी मोठी बाग केली. गाव काही बसलं नाही.

आपल्याजवळचं उदाहरण पुण्याचं आहे की. आयपीएलची पुणे वॉरियर्स २०११ ला आली, २०१३ ला गेली, नंतर रायझिंग पुणे दोन वर्षं. दोन्ही गेल्या, पण गहुंज्याचं मैदान राहिलं आणि २०२३ च्या वर्ल्ड कपच्या मॅच तिथं झाल्या. म्हणून त्या पोराला मला हेच सांगायचंय की टीम मागू नको रे, मैदान माग. आपलं पार्क मैदान गावाच्या अगदी पोटात आहे, पलीकडं किल्ला, सिद्धेश्वराचं तळं, चार हुतात्म्यांचे पुतळे, अशी जागा अमेरिकेत करोडो डॉलर ओतून तयार करावी लागली. स्मार्ट सिटीत ते नवीन झालं, जानेवारी २०२४ ला महाराष्ट्र विरुद्ध मणिपूर ही रणजी मॅच झाली, पहिल्या दिवशी मी गेलो होतो, शाळेची पोरं डबे घेऊन आलेली, शेंगाचटणी-भाकरीचा वास स्टँडमध्ये, आणि चौकार गेला की अशी आरोळी की वाटावं सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा चार दिवस आधीच लागली. त्याच वर्षी अंडर १९ वर्ल्ड कप खेळलेला अर्शिन कुलकर्णी सोलापूरचा. भारताकडून खेळलेली किरण नवगिरे आपल्या जिल्ह्याची. कुठल्या मालकानं आणून दिली नाहीत ही पोरं, कुठल्यातरी मातीवर तासन् तास खेळून झालीत.

आणि ती जत्रा भरते ते होम मैदान बघा, जानेवारीत गड्डा भरला की पाय ठेवायला जागा नसते, तिथं कुणाला तिकिटांची हमी द्यावी लागत नाही. लोक आपलं म्हणून येतात.

मला जास्त दुखतं ते दुसरंच. आमच्या घराजवळ एक छोटं मैदान आहे, नाव लिहीत नाही. पूर्वी धूळ होती, दगड होते, पण पहाटे साडेपाचला पोरं असायची. मग ते नीट केलं, कुंपण घातलं, गवत लावलं, आणि गेटला कुलूप लागलं. गवत खराब होतं म्हणे. आता पोरं रस्त्यावर खेळतात, मागच्या महिन्यात एकाच्या सायकलला रिक्षा धडकली, सुदैवानं खरचटण्यावर भागलं. सॅन डिएगोच्या त्या हिरवळीवर पण गवत होतं की, आणि ती पोरगी बॅट उलटी धरून त्याच्यावर नाचत होती.

काल त्या अकरावीच्या पोराला घरी बोलावलं, हे सगळं सांगितलं. तिकिटांच्या हमीचं ऐकून तो म्हणाला, काका मग तेवढ्या पैशात किती नेट लागली असती? मी कागद काढला आणि आम्ही दोघांनी बसून अर्ज लिहिला, की रोज सकाळी साडेपाच ते आठ गेट उघडं ठेवा, गवताला पाणी आम्ही घालतो, कुलपाची किल्ली पाळीपाळीनं सांभाळतो. रात्री नऊपर्यंत गल्लीत फिरलो. ४१ सह्या झाल्यात, पहिली त्याची. उद्या पलीकडच्या गल्लीत जायचंय.