उंबऱ्याबाहेर

पतसंस्थेच्या वसुली विभागातल्या माणसाला मार्च महिना कसा गेला हे विचारू नये. फोन, नोटिसा, जीप, दुपारी दोनला थंड झालेला डबा, आणि संध्याकाळी फळ्यावर लिहिलेला एनपीएचा, म्हणजे थकलेल्या कर्जांचा आकडा. बरं, ख्रिस्ती माणसाचा लेंट, म्हणजे आमचा उपवासकाळ, बहुतेक वर्षी ह्याच दिवसांत येतो. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत, मधले रविवार सोडून चाळीस दिवस. सकाळी गुडघे टेकून क्षमा मागायची आणि साडेनऊला जीपमध्ये बसून दुसऱ्याच्या दारात थकबाकी मागायला जायचं. एकोणीस वर्षं मी हे करतेय. नोकरी ती नोकरी आणि प्रार्थना ती प्रार्थना, असं दोन डब्यांत भरून ठेवलं होतं.

आमच्याकडे रोज रात्री साडेआठला कुटुंबप्रार्थना असते. सासूबाईंची शिस्त. लाइट गेले तरी, पाहुणे आले तरी, मॅच चालू असली तरी. शेवटी सगळे मिळून प्रभूची प्रार्थना म्हणतो, आणि ती बायबलमधल्या मत्तयाच्या सहाव्या अध्यायात आहे त्याच शब्दांत. 'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे' इथपर्यंत माझा आवाज खणखणीत असतो. पुढची ओळ आहे, 'आणि जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांला सोड.' तीन वर्षं मी ह्या ओळीला गप्प बसत होते. कधी खोकला काढायचा, कधी पदर सारखा करायचा. कुणाच्या लक्षात येत नाही असं मला वाटायचं. सहावीतल्या लेकाच्या लक्षात आलं होतं. "आई, तू मधली लाइन स्किप करतेस," म्हणाला एकदा.

त्याला काय सांगणार? सातपूरची कंपनी बंद पडली तेव्हा नवऱ्याला हिशेबाचे जे पैसे मिळाले, त्यातले एक लाख ऐंशी हजार धाकट्या दिरानं रिक्षासाठी नेले. सहा महिन्यांत देतो म्हणाला होता. रिक्षा आली, परमिट आलं, पैसे काही आले नाहीत. नवरा आता शाळेची व्हॅन चालवतो आणि 'जाऊ दे' म्हणतो. मी म्हणू शकत नाही. दिवसभर दुसऱ्यांची थकबाकी वसूल करणाऱ्या बाईची स्वतःचीच थकबाकी बुडालेली, ह्याच्यावर ऑफिसात कुणी हसलं असतं तर मीही हसले असते. आणि ती ओळ नीट वाचा. 'सोडू' नाही, 'सोडले आहे'. काम आधी झालेलं हवं. मराठी भाषांतर करणाऱ्यांनी इथे पळवाट ठेवलेली नाही.

तर ह्या वर्षी लेंटमध्ये मी बायबलमधलं 'अनुवाद' नावाचं पुस्तक वाचायला घेतलं होतं. चौतीस अध्याय, रोज एक, सकाळी कुकरच्या शिट्ट्यांमध्ये. खरं सांगायचं तर कंटाळा येत होता. गच्चीला कठडा बांधा, घरट्यातली पक्षीण पिल्लांसकट उचलू नका, असे नियमच नियम. त्या दिवशी चोविसावा अध्याय होता. त्यात लिहिलंय की कुणाचं जातं किंवा जात्याची वरची तळी गहाण घेऊ नका, कारण ते त्याचा जीवच गहाण घेण्यासारखं आहे. आणि पुढे, शेजाऱ्याला काही उसनं दिलंत तर गहाण आणायला त्याच्या घरात शिरू नका. बाहेर उभे राहा. तो माणूस स्वतः बाहेर घेऊन येईल. मी दोनदा वाचलं. तिसरी शिट्टी झाली, गॅस बंद केला आणि डबा भरून निघाले. मी ह्याला योगायोग म्हणते. सासूबाई म्हणत नाहीत.

दिंडोरी तालुक्यातलं गाव. थकबाकीदार द्राक्षवाला, दोन एकर थॉमसन. शेततळ्यात अंथरायच्या प्लास्टिकच्या कागदासाठी आणि पाइपलाइनसाठी अडीच लाख घेतले होते. पहिली दोन वर्षं हप्ते नियमित. मग एका हंगामात व्यापाऱ्यानं बाग उचलली, थोडा विसार दिला, बाकीचा चेक दिला आणि गायब झाला. चेक परत आला. नाशिक जिल्ह्यात ही गोष्ट कुणाला नवी नाही. दर वर्षी कुठल्या ना कुठल्या गावचे शेतकरी पोलीस ठाण्याच्या पायरीवर बसलेले दिसतात. पण आमच्या खात्यावर व्यापाऱ्याचं नाव नसतं, शेतकऱ्याचं असतं. सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला मिळालेला होता, कलम १५६ खाली वसुली अधिकारी होते, नियम १०७ प्रमाणे मागणीची नोटीस बजावून झाली होती. कागद सगळे चोख. मीच तपासलेले.

जीपमध्ये आम्ही पाच जण. साहेब म्हणजे वसुली अधिकारी, मी, शिपाई, ड्रायव्हर आणि गावाच्या फाट्यावरून घेतलेला एक पंच. दुसरा पंच गावातच मिळणार होता. आदल्या रात्री अवकाळी पाऊस झालेला, रस्त्याच्या कडेला पाणी साचलेलं. जीपमधून बागा दिसत होत्या आणि प्रत्येक बागेतून ट्रॅक्टरची घरघर ऐकू येत होती. पाऊस थांबला की ब्लोअर फिरवून घडांवरचं पाणी झटकावं लागतं, नाहीतर मणी तडकतात. साहेब म्हणाले, "बघा, ब्लोअरला डिझेल आहे यांच्याकडे, हप्त्याला पैसे नाहीत." मी काही बोलले नाही. साहेब वाईट माणूस नाहीत. त्यांच्यावरही वरून टार्गेट असतं, आणि त्यांना शुगर आहे.

जप्तीला बाईमाणूस नेतात त्याला कारण असतं. घरात बायका असल्या की पुरुष आत गेला तर बोभाटा होतो. म्हणून मी. माझं काम आत जायचं, कपाट उघडायला लावायचं, वस्तू बघून यादी सांगायची. अशी घरं मी किती आतून पाहिली असतील, मोजलेली नाहीत. गोदरेजच्या कपाटात वरच्या कप्प्यात लग्नातला शालू असतो, त्याच्या घडीत नोटा असतात, हे मला इतकं पाठ झालंय की माझ्या स्वतःच्या शालूत मी काही ठेवत नाही.

घर पत्र्याचं, पुढे शेणानं सारवलेलं अंगण. शेतकरी बागेत होता. दारात त्याची आई, सत्तरीच्या पुढची, हातात सूप. मागे सून, कडेवर पोर. साहेबांनी दाखला वाचून दाखवला. म्हातारीनं सूप खाली ठेवलं आणि काहीच बोलली नाही. सून आत वळली तसे साहेब मला म्हणाले, "मॅडम, जा आत. बघा काय आहे."

मी उंबऱ्यापर्यंत गेले. चप्पल काढायला वाकले आणि तिथेच थांबले. आत अंधार होता, चुलीचा वास येत होता, भिंतीला टेकवलेलं जातं दिसत होतं. दळायला कुणी वापरत नसणार, त्याच्यावर पितळेचा हंडा पालथा घातलेला. मला काही साक्षात्कार वगैरे झाला नाही. फक्त सकाळचं वाक्य आठवलं आणि पाय पुढे जाईना.

"साहेब, मी इथेच उभी राहते. त्या आणतील बाहेर."

"म्हणजे?"

"काय आहे ते त्याच घेऊन येतील. आजी, आम्ही आत येत नाही. तुम्ही सांगा तुमच्याकडे काय आहे."

साहेबांनी माझ्याकडे असं बघितलं की मला ऊन लागलंय. शिपाई हसला. पंच बिडी शोधायला लागला. म्हातारी मात्र आत गेली. पाच मिनिटं झाली, सात झाली. साहेब घड्याळ बघत होते. माझ्या पोटात गोळा आला होता, कारण मागच्या दारानं काही गेलं असतं तर जबाबदारी माझी होती.

आधी पाण्याचा तांब्या आला. मग एक स्टीलचा डबा. तिनं तो अंगणात मांडी घालून उघडला. व्यापाऱ्याचा परत आलेला चेक, पोलीस ठाण्यातल्या अर्जाची प्रत, आमच्याच सगळ्या नोटिसा घडी घालून क्रमानं लावलेल्या. आणि रुमालात बांधलेले पैसे. "शेळ्या इकल्या दोन. पोराला सांगितलं न्हवतं, तो औषधात घालील म्हणून. मोजा ताई." एकवीस हजार चारशे भरले. वरचे चारशे साहेबांनीच परत दिले, हे त्यांच्या बाजूनं लिहिलं पाहिजे.

पण एवढ्यावर मार्चएंड भागत नाही. तेवढ्यात मुलगा बागेतून ट्रॅक्टर घेऊन आला, मागे ब्लोअर. साहेबांची नजर तिथेच गेली. ब्लोअर आमच्याकडे तारण नव्हता. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये काय जप्त करता येत नाही त्याची यादी आहे. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची पोटापाण्याला लागणारी शेतीची अवजारं, आणि धर्मानं बाईला अंगावरून उतरवता येत नाही असा दागिना. संहिता १९०८ ची. एकोणीस वर्षं हे कलम मला तोंडपाठ होतं आणि सकाळी अनुवादातलं जातं वाचेपर्यंत दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध आहे हे डोक्यातही आलं नव्हतं.

साहेबांशी मी शास्त्र बोलले नाही. त्यांना कळेल त्या भाषेत बोलले. "ब्लोअर नेला तर चार दिवसांत बाग तडकेल. बाग तडकली तर पुढचा हप्ता कुठून येणार? शिवाय कलम ६० काढून उद्या वकील उभा राहिला तर फाइल माझ्याच टेबलावर येईल." ते चिडले. "कोर्टात जाऊन सांगा म्हणावं." मग थोडा वेळ ब्लोअरकडे बघत उभे राहिले. शेवटी मोटारसायकल जप्त झाली, ब्लोअर राहिला, आणि माल निघाल्यावर पन्नास हजार भरण्याचं लेखी घेतलं. मोटारसायकल जीपमागे नेताना शेतकऱ्यानं तोंड फिरवलं. ते मला विसरता येत नाही. मी उंबऱ्याबाहेर उभी राहिले म्हणून त्याची गाडी काही वाचली नाही.

पंचनामा मी लिहिला. लिहिताना मला नेहमी जेकब वेनराइट आठवतो. आमच्या नाशिकच्या शरणपूरला एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी वसाहत केली, तिथे गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली आफ्रिकन मुलं शिकायला ठेवत. हा त्यातलाच. १८७३ मध्ये मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेत वारला तेव्हा बरोबरच्या माणसांत लिहिता येणारा म्हणून त्याच्या सामानाची यादी करायला ह्यालाच बसवलं. पुढे शवाबरोबर तो इंग्लंडपर्यंत गेला, १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत खांदा द्यायला होता. आमच्या चर्चमधले जुने लोक त्याची गोष्ट विश्वासूपणाची म्हणून सांगतात. मला तो आपला धंदाबंधू वाटतो. मेलेल्या माणसाची एकेक वस्तू सगळ्यांसमोर, खाडाखोड न करता लिहायची. मी मोटारसायकलचा तुटका आरसासुद्धा लिहिला.

ऑफिसात टोमणा यायचाच होता. "मॅडम, चर्चमध्येच नोकरी बघा." मी हसले. कारण दर सोमवारी काउंटरवर येणारे एक निवृत्त शिक्षक आहेत, त्यांची चार लाखांची ठेव आमच्याकडे आहे आणि 'पैसे सुरक्षित आहेत ना?' एवढंच विचारून ते जातात. शेतकऱ्याचं कर्ज म्हणजे ह्यांचीच ठेव. ती सोडून द्यायला मी कोण? अनुवादही कर्ज माफ करा असं त्या ओळींत म्हणत नाही. गहाण घ्या म्हणतं. पण घरात शिरू नका.

घरी येताना सिटीलिंकच्या बसमध्ये खिडकीशी बसले होते आणि द्वारकेच्या सिग्नलला अडकल्यावर विचार आला तो दिराचा. त्याच्या घरी मी तीन वर्षं पाऊल ठेवलं नव्हतं. आणि तीन वर्षं मी रोज त्याच्या घरात शिरत होते. जावेच्या व्हॉट्सॲप स्टेटसवर मागे दिसणारा डबलडोअर फ्रीज, मुलीच्या वाढदिवसाचा केक, नवा पडदा, सगळ्याची माझ्या डोक्यात यादी होती, किमतीसकट. फ्रीज अठ्ठावीस हजार. पडदे तीन हजार. अनोळखी म्हातारीच्या उंबऱ्यावर मी चप्पल काढताना थांबले, आणि सख्ख्या दिराचं कपाट रोज रात्री प्रार्थनेच्या वेळी उचकत होते.

त्या रात्री ती ओळ मी म्हटली का? अर्धी. 'आणि जसे आम्ही' पर्यंत आवाज निघाला. लेकानं एक डोळा उघडून बघितलं आणि परत मिटला.

पुढच्या रविवारी उपासना झाल्यावर नवऱ्याला व्हॅन जेलरोडला घ्यायला सांगितली. त्यानं कशाला म्हणून विचारलं नाही. दीर रिक्षा घेऊन बाहेर गेलेला. मी दारात उभी राहिले. जाऊ पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आली आणि क्षणभर तिचा चेहरा उतरला. वसुलीला आलेल्या माणसाकडे कसं बघतात ते मला चांगलं ठाऊक आहे.

"ताई, बाहेर का उभ्या? या ना आत."

गेले. तिनं पाणी आणायला फ्रीज उघडला. त्याचं दार सुतळीनं बांधलेलं होतं. आधी गाठ सोडली, बाटली काढली, मग गुडघ्यानं दार दाबून परत गाठ मारली. "सेकंडहँड घेतला होता," ती म्हणाली. "कॉम्प्रेसर चांगला आहे, बिजागरी गेलीय फक्त."

मी पाणी प्यायले. पैशांचा विषय तिनं काढला नाही, मीही काढला नाही. एक लाख ऐंशी हजार अजून यायचे आहेत.